टॉमस पेन : न्यायाचें एकच माप

आपल्या पक्षासाठीं स्वातंत्र्य मागणारे लोक पुष्कळ असतात. पराभूत शत्रूसही तोच न्याय लावणारा विरळा. टॉमस पेन हा अशा विरळा पुरुषांपैकीं होता, म्हणून त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पेनचा जन्म इ. स. १७३७ त इंग्लंडांतील थेटफर्ड गांवीं, स्त्रियांच्या तंग चोळ्या तयार करणाऱ्या कारागिराच्या घरीं झाला. शाळा लहानपणींच सुटली. पुढें तो अबकारी खात्यांत नोकरीस लागला. अपुऱ्या पगारामुळें नोकर लांच घेण्यास प्रवृत्त होतात, असा अर्ज त्यानें १७७२ त सहकाऱ्यांच्या वतीनें लिहिला. पगार वाढला नाहीं. १७७४ त गैरहजेरीच्या कारणावरून त्याची नोकरी मात्र गेली. तेव्हां बेंजामिन फ्रँकलिनचें शिफारसपत्र घेऊन तो अमेरिकेस गेला.

जानेवारी १७७६ त त्याचें ‘कॉमन सेन्स’ हें पुस्तक निघालें. राज्याधिकार वंशपरंपरेनें मिळावा हें बुद्धीस पटत नाहीं, आणि विशाल खंडानें दूरच्या बेटाच्या आज्ञेंत राहावें हेंही सयुक्तिक नाहीं, असें त्यानें सामान्य कारागिरासही समजेल अशा भाषेंत सांगितलें. सहा महिन्यांत वसाहतींनीं स्वातंत्र्य जाहीर केलें. नफ्यांतील आपला वाटा पेननें सैन्यासाठीं सोडून दिला.

१७८९ त फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. तिच्या समर्थनार्थ पेननें १७९१ व १७९२ त ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग लिहिले. हक्क ही राजाची देणगी नसून ते मनुष्याचे जन्मसिद्ध आहेत, हा त्याचा सिद्धान्त. करांच्या उत्पन्नांतून वृद्धांस वेतन व गरिबांच्या मुलांस शिक्षण द्यावें, अशी योजनाही त्यानें मांडली. इंग्रज सरकारनें त्याच्या गैरहजेरींत खटला चालवून त्यास दोषी ठरविलें. फ्रान्सनें मात्र त्यास आपल्या राष्ट्रसभेचा सभासद निवडलें.

खरी कसोटी येथेंच लागली. जानेवारी १७९३ त सोळाव्या लुईस देहान्त शिक्षा द्यावी कीं नाहीं, असा प्रश्न सभेपुढें आला. राजेशाहीचा हा कट्टर वैरी राजाचे प्राण वांचविण्यासाठीं उभा राहिला. राजपद नष्ट करा, परंतु मनुष्यास मारूं नका. त्यास अमेरिकेंत पाठवा, असें त्याचें म्हणणें होतें. सभेनें तें मानिलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द पेनच तुरुंगांत पडला. सुमारें दहा महिन्यांनीं, रोबेस्पियरचा पाडाव झाल्यानंतर, तो सुटला.

धर्मग्रंथांचीही त्यानें बुद्धीच्या कसोटीवर परीक्षा केली. त्यामुळें १८०२ त तो अमेरिकेंत परतला तेव्हां जुने स्नेही दुरावले होते. ८ जून १८०९ रोजीं तो न्यूयॉर्क येथें वारला. ज्यानें एका राष्ट्रास स्वातंत्र्याचें धैर्य दिलें, त्याच्या अंत्यविधीस मोजकींच माणसें होतीं.

परंतु विचारास मरण नसतें. १८४७ च्या सुमारास पुण्यांत जोतीराव फुले यांनीं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलें, व पुढील वर्षीं मुलींची शाळा काढली. हक्क सर्वांचे असतील तर स्त्रिया व शूद्रातिशूद्र त्यांतून कसे वगळावे, हा त्यांचा प्रश्न पेनच्याच जातीचा होता.

घेण्याचें माप एक व देण्याचें दुसरें ठेवणाऱ्या दुकानदारास आपण लबाड म्हणतों. हक्कांच्या व्यवहारांत आपण स्वतः किती मापें ठेवतों, हें प्रत्येकानें आपल्या घरापासून तपासून पाहावें.