राजा सर टी. माधवराव : करही कमी, कामेही जास्त

बडोदेकर मराठी माणसाला राजा सर टी. माधवराव ठाऊक असतात ते सयाजीराव महाराजांच्या अज्ञानकाळातील दिवाण म्हणून. बडोद्यास येण्यापूर्वीच त्यांनी एक अवघड प्रश्न हाताळला होता : रस्ते, कालवे, शाळा यांसाठी पैसा आणायचा कोठून?

माधवरावांचा जन्म 1828 साली कुंभकोणमला, तंजावरकडे स्थायिक झालेल्या देशस्थ मराठी घराण्यात झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. मद्रासला शिक्षण आणि काही काळ नोकरी झाल्यावर 1849 मध्ये माधवराव त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. 1857 अखेर, वयाच्या अवघ्या तिशीत, दिवाणपद त्यांच्याकडे आले.

तेव्हा राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. मिरी आणि तंबाखूच्या व्यापाराची मक्तेदारी सरकारकडे होती. मिरी पिकवणाऱ्याला ती सरकारी भावानेच सरकारला द्यावी लागे. शिवाय किरकोळ करांची भलीमोठी यादी होती. अशा वेळी कर वाढवणे हा सोपा मार्ग. माधवराव उलट वाटेने गेले. त्यांनी आधी मिरीची आणि 1863 मध्ये तंबाखूची मक्तेदारी उठवली. त्याऐवजी मिरीवर निर्यात जकात आणि तंबाखूवर आयात जकात ठेवली. अनेक किरकोळ कर रद्द केले. 1865 च्या करारान्वये ब्रिटिश मुलूख, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यातील व्यापार बराचसा मोकळा झाला.

जकात सोडली तर कामे कशी होणार, ही शंका रास्तच होती. त्यांचा हिशेब असा, की माल मोकळा फिरला तर व्यापार वाढतो आणि कमी दराचा करही जास्त पैसा आणतो. राज्याचे देणे फिटले, रस्ते झाले, वर्कला येथे डोंगर फोडून जलमार्ग काढण्याचे काम सुरू झाले. मात्र या सवलतींना किंमत होती. त्याच करारानुसार मिठाचा दर ब्रिटिश मुलखाच्या दराशी जुळवावा लागला, आणि मीठ तर गरिबाच्याही ताटात असते. कराचा बोजा हलका झाला, तरी तो कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर गेला, हे पाहावेच लागते.

1873 ते 1875 ते इंदूरला तुकोजीराव होळकरांचे दिवाण होते. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर 1875 मध्ये ते बडोद्यास आले. वसुलीचा इजारा मोडून त्यांनी ती सरकारी अंमलदारांकडे आणली, न्यायखाते व पोलीस यांची घडी बसवली. कामाठी बाग आणि बडोदा कॉलेज याच काळातले. 1882 मध्ये ते निवृत्त झाले. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. 4 एप्रिल 1891 रोजी त्यांचे निधन झाले.

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि त्या चौकाला लोक आजही नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. सभासदांपैकी कोणी तिकडे गेल्यास अवश्य पाहावा. तंजावर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही ठिकाणच्या मराठी मंडळींना हा माणूस आपला म्हणता येतो.