इतिहासाचार्य राजवाडे

चोपड्याहून पश्चिमेस तापीच्या काठाकाठाने गेले, म्हणजे थाळनेर नावाचे गाव लागते. गावात जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि कोरीव दगडांचे काही घुमट आहेत. ते घुमट फारुकी सुलतानांच्या कबरींवरचे होत. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० च्या सुमारास मलिक राजा फारुकी यास थाळनेरचा मुलूख दिला. त्याच्या वंशजांनी खानदेशावर सुमारे सव्वादोनशे वर्षे राज्य केले. पुढे राजधानी बऱ्हाणपुरास गेली, १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. मोगल आले नि गेले, मराठे आले, १८१८ मध्ये इंग्रज आले. एके काळी जेथे सुलतानाचा दरबार भरत असे, तेथे आज शेतकरी कपाशी आणि केळी पिकवतात.

राज्ये कशाने उभी राहतात आणि कशाने कोसळतात? एखादा समाज शेकडो वर्षे पराक्रम करतो आणि मग एकाएकी दुबळा का होतो? या एका प्रश्नापायी ज्यांनी आपला सारा जन्म वेचला, ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे याच खानदेशात, धुळ्यास, देह ठेवते झाले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कोकणातील वरसई येथे झाला. वडील लवकर वारले. शिक्षण पुण्यास, मोठ्या हलाखीत झाले. शाळा-कॉलेजातील ठराविक अभ्यासात त्यांचे मन फारसे रमत नसे. वाचन मात्र अफाट होते. इतिहास, तत्त्वज्ञान, व्याकरण, वनस्पतिशास्त्र, जे हाती येईल ते वाचावे आणि त्यावर स्वतः विचार करावा, असा त्यांचा क्रम असे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी तरुणपणीच केले. चांगले राज्य कोणते आणि ते हळूहळू कसे बिघडत जाते, याचा विचार त्या ग्रंथात आहे. राजवाड्यांच्या मनातील प्रश्नाचे बीज तेथेच पडले असावे, असे वाटते.

त्यांचा विवाह झाला होता. परंतु पत्नी थोड्याच वर्षांत निवर्तली. राजवाड्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. शिक्षकाची नोकरी काही काळ केली, तीही सोडली.

इंग्लंडमध्ये गिबन या इतिहासकाराने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा मोठा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड १७७६ साली निघाला. गिबनच्या हाताशी ग्रंथांनी भरलेली कपाटे होती; लॅटिन इतिहासकारांचे ग्रंथ छापून तयार होते. मराठ्यांचे राज्य का गेले, हे शोधू पाहणाऱ्या राजवाड्यांची स्थिती अगदी उलट होती. काही बखरी होत्या, ग्रँट डफसारख्या इंग्रज लेखकांचे इतिहास होते. पण बखरीत ऐकीव गोष्टी फार आणि इंग्रज लेखकांची दृष्टी जेत्याची. खरी साधने म्हणजे त्या त्या वेळी लिहिलेली पत्रे, हिशेब, निवाडे आणि सनदा. ती होती कोठे? जुन्या सरदारांच्या, देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या वाड्यांत, माळ्यांवर, कोठारांच्या कोपऱ्यांत. रुमालांत बांधलेल्या त्या दप्तरांना कसर लागली होती. छप्पर गळून पावसात भिजलेले कागद ढेकळांसारखे घट्ट झाले होते. कोणी ते वाण्यास रद्दी म्हणून देई आणि पणजोबाने पेशव्यांस लिहिलेल्या पत्रात पैशाची हळद बांधली जाई!

एकीकडे वाळवी आणि एकीकडे राजवाडे, अशी ही शर्यत होती. बगलेत पडशी, अंगावर साधे कपडे, हातचे अन्न शिजवून खायचे आणि गावोगाव हिंडायचे. कोणी आदराने दप्तर पुढे ठेवी. कोणास संशय येई, की हा गृहस्थ कागद नेऊन आपले वतन बुडवील, आणि तो दारातूनच परत पाठवी. राजवाड्यांचा स्वभाव तापट होता. ते रागावत, तथापि दुसऱ्या गावची वाट धरल्यावाचून राहत नसत.

वाई येथे त्यांस पत्रांचा एक मोठा संग्रह मिळाला. त्यांतील पत्रे मुख्यतः १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपताच्या आधीची होती. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी या पत्रांनी सजविला. त्या मालेचे एकंदर २२ खंड झाले. पहिल्या खंडातील सदाशिवरावभाऊंची पत्रे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. धान्य पाठवा, पैसा पाठवा, उशीर करू नका, असा त्यांचा एकसारखा धोशा आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी जी फौज लढली, ती कित्येक दिवसांची उपाशी होती. आजवर लोक पानिपताचा पराभव दैवावर घालीत असत. आता त्यामागे रसद, पैसा आणि अंतर ही कारणे आहेत, हे कागदांनीच दाखविले.

पत्रे छापून राजवाडे थांबले नाहीत. खंडांना त्यांनी विस्तृत प्रस्तावना लिहिल्या. इतिहास म्हणजे केवळ राजांच्या वंशावळी आणि लढाया नव्हेत. समाजाची भाषा, धर्म, शेती, विद्या आणि कारागिरी यांचाही तो इतिहास होय, असे त्यांचे म्हणणे होते. पोर्तुगिजांनी १५५६ मध्येच गोव्यास छापखाना आणला. मराठी राज्याने मात्र तो आपल्या कारभारात कधी घेतला नाही. एरंडोलास हाती कागद होत असे आणि कारकून त्यावर बोरूने नकला करीत बसत. उत्तम तोफा आणि बंदुका परक्यांकडून विकत घ्याव्या लागत. युरोपातील लोक त्याच काळी सृष्टीचे नियम शोधीत होते. जो समाज ही विद्या स्वतः मिळवीत नाही, त्याची तलवार कितीही तेज असली, तरी तो मागे पडतो, असा राजवाड्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या साऱ्या विचारांत हा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यांचे सगळेच निवाडे टिकले असे नाही. पानिपताचा मोठा दोष त्यांनी गोविंदपंत बुंदेल्यांवर ठेवला. परंतु गोविंदपंत त्याच मोहिमेत मारले गेले, आणि पुढील अभ्यासकांस हा दोषारोप एकांगी वाटला. मराठ्यांच्या उदयाविषयीही वाद झाला. संतांनी लोकांची मने एकत्र आणली म्हणून राज्य उभे राहिले, असे न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मांडले. राजवाड्यांस हे मान्य नव्हते. वारकरी संतांनी लोकांस निवृत्त केले आणि समर्थ रामदासांनी जागे केले, असे ते म्हणत. पंढरीच्या वाटेवर सर्व जातींची माणसे एकमेकांच्या पाया पडतात, तिचे बळ त्यांनी कमी लेखले असे म्हणावे लागते. जातींविषयीची त्यांची काही मतेही आज कोणी मान्य करणार नाही. पण विशेष हे, की त्यांस खोडून काढावयाचे, तर त्यांनीच वाचविलेले कागद उघडावे लागतात.

१९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ज्ञानेश्वरीच्या जुन्या मराठीचे व्याकरण लिहिले. लोकांचे ज्ञान लोकांच्या भाषेत वाढले पाहिजे, या निश्चयाने सारे लेखन मराठीतच केले. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि ते पुणे सोडून धुळ्यास आले. विवाहाची चाल मानवसमाजात कशी बदलत आली, यावर ते अखेरीस लिहीत होते. त्यावरून पुष्कळ लोक संतापले. राजवाड्यांनी लेखणी आवरली नाही. परंतु तो ग्रंथ अपुराच राहिला.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचा अंत झाला. मागे ना घर राहिले ना पैसा. राहिले ते कागदांचे रुमाल, पोथ्या आणि टिपणे. ती जपण्यासाठी धुळेकरांनी थोड्याच दिवसांत राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. वाळवीच्या तोंडून ओढून काढलेले ते मोडी कागद तेथे अभ्यासकांसाठी जतन करून ठेवण्यात आले.