एका रमाबाईंमुळे दुसऱ्या रमाबाई
१८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा रमाबाई रानडे यांना अक्षरओळखही नव्हती. पती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकविले, हे सर्वश्रुत आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या रोषामुळे मात्र हे शिक्षण मान खाली घालूनच चालले. शिकलेली स्त्री चारचौघांत कशी उभी राहते, हे त्यांना दिसले ते १८८२ मध्ये, पंडिता रमाबाई पुण्यात आल्यावर. चोवीस वर्षांची ही विधवा विद्वानांच्या सभेतही निःसंकोच बोलत असे. तिने स्थापन केलेल्या आर्य महिला समाजात रमाबाई जाऊ लागल्या. घरी बोलणी खाऊनही जात राहिल्या. पुढे मुलींच्या हायस्कूलसाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजी निवेदन वाचले. धडे पतीचे होते. धीर बहुधा पंडिताबाईंचा.

१९०१ मध्ये त्यांना वैधव्य आले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि आता धीर देण्याची पाळी त्यांची होती. परक्या रुग्णाची शुश्रूषा कुलीन घरांत कमीपणाची मानली जात असताना त्यांनी विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले. १९२४ मध्ये निधन होईपर्यंत सेवासदनाची धुरा त्यांच्याकडेच होती.