जयप्रकाशांची चार वर्षे

उमरीहून नांदेडला जाणाऱ्या गाडीत डायलिसिसला निघालेली माणसे हटकून भेटतात. हातावर फुगून आलेली शीर, मांडीवर रिपोर्टांची पिशवी, सोबत घरचे कुणीतरी. किडनी बदलून घेतली तर माणूस किती वर्षे काढतो हो, असे त्यांच्यापैकी कुणी विचारले की मला जयप्रकाश नारायण आठवतात. त्यांचे प्रत्यारोपण झाले नव्हते. पण मूत्रपिंडे निकामी झाल्यावर माणूस किती जगतो आणि अखेर कशाने जातो, हे आमच्या पिढीने प्रथम पाहिले ते त्यांच्या आजारात.

बिहारमध्ये ११ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेला हा माणूस विशीत अमेरिकेला गेला, तिथे शेतात राबून शिकला. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून तो पसार झाला. पुढे मंत्रिपदाच्या वाटेला न जाता भूदानात रमला. पत्नी प्रभावतीदेवी १९७३ मध्ये गेल्या आणि लगेच पुढच्या वर्षी बिहारचे आंदोलन त्यांच्या खांद्यावर आले. हे सारे आपण पुष्कळ वाचले आहे.

२६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना दिल्लीत अटक झाली. चंदीगडच्या रुग्णालयात नजरकैदेत असताना प्रकृती ढासळली. नोव्हेंबरात सुटका झाली तेव्हा मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेली होती. ती कैदेत बिघडली, बिघडवली, की जुन्या मधुमेहाने खाल्ली, यावर पुढे खूप वाद झाले. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायलिसिस सुरू झाले. गंमत अशी, की याच रुग्णालयाचे उद्घाटन १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झाले होते.

भिंत ओलांडणारा माणूस आता दर दोन-तीन दिवसांनी यंत्राला बांधला जाऊ लागला. रक्त नळीतून बाहेर जाणार, धुऊन परत येणार, यात तासन्‌तास जाणार. रक्त वाढवणारी आजची इंजेक्शने तेव्हा निघालेली नव्हती, त्यामुळे अशक्तपणा पाचवीला पुजलेला. स्वतःचे यंत्र घ्यायचे तर पैसे हवेत. पंतप्रधान निधीतून ९० हजार रुपये आले, ते त्यांनी परत केले. लोकांनी दिलेल्या एकेक रुपयाच्या देणग्या मात्र घेतल्या. आयुष्यभर बँकेत नोटा मोजलेल्या मला हा हिशेब फार आवडतो. रुपया तोच, पण कुणाच्या खात्यातून आला याला किंमत.

प्रत्यारोपण का नाही, असा प्रश्न आज पडेल. वेल्लोरला १९७१ मध्येच ते यशस्वी झाले होते. पण जयप्रकाश तेव्हा ७३ वर्षांचे. मधुमेह जडलेला, हृदय दुबळे. अशा रुग्णाला नवी किडनी देण्याचा विचार त्या काळी सहसा होत नसे. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून द्यायची औषधेही तेव्हा मोजकी होती. सायक्लोस्पोरिन आले ते पुढच्या दशकात.

त्याचा लाभ झालेल्या काळातले दुसरे मोठे नाव एम. जी. रामचंद्रन यांचे. १९ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांना पुतणीची किडनी बसवली गेली. रुग्णालयात असतानाच ते निवडणूक जिंकले. परतून पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि २४ डिसेंबर १९८७ रोजी हृदय बंद पडून गेले. म्हणजे जेमतेम तीन वर्षे. आज नात्यातल्या जिवंत दात्याची किडनी पंधरा-वीस वर्षे चालणे नवलाचे राहिलेले नाही. तरी किडनी नीट चालू असताना दगावणाऱ्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि मधुमेह यांनी रक्तवाहिन्या आधीच कडक केलेल्या असतात. नवी किडनी त्या पूर्ववत करू शकत नाही. त्याखालोखाल जंतुसंसर्ग आणि कर्करोग, कारण शरीराचा पहारेकरीच औषधांनी झोपवलेला असतो. म्हणून गाडीतल्या माणसाला मी एवढेच सांगतो, की किडनीच्या डॉक्टरांना आपले हृदयही दाखवत जा आणि गोळी एक दिवसही चुकवू नका.

जयप्रकाशांनी यंत्राच्या दोन फेऱ्यांमध्ये काय केले? १९७७ च्या निवडणुकीत प्रचारसभा घेतल्या. मार्चमध्ये राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली. त्याच वर्षी उपचारासाठी अमेरिकेत सिॲटलला जाऊन आले. मग ज्यांना सत्तेवर बसवले त्यांची भांडणे खाटेवरून पाहिली. हे डायलिसिसपेक्षा जड गेले असावे.

मार्च १९७९ मध्ये तर कमालच झाली. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी त्यांच्या निधनाची बातमी लोकसभेत सांगितली. श्रद्धांजली वाहिली गेली, आकाशवाणीने बातमी दिली. जयप्रकाश जसलोकमध्ये जिवंत होते. जसलोकबाहेर लोटलेल्या गर्दीला ते खरे वाटेना.

त्यानंतर ते साडेसहा महिने जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यातल्या घरी, मधुमेह आणि हृदयविकाराने, त्यांचा अंत झाला. सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता.