मृत्युशय्येपाशी पोहोचणारा गोमंतकीय संत

ख्रिस्ती पंचांगात संताचा सण बहुधा त्याच्या जन्मदिवशी नव्हे, तर मृत्युदिनी येतो. देह ठेवला तो दिवस म्हणजे स्वर्गातील जन्माचा दिवस, ही त्यामागची श्रद्धा. सांकवाळला १६ जानेवारीला फेस्त साजरे होते ते याच हिशेबाने. १७११ साली त्या दिवशी श्रीलंकेतील कँडी येथे जुझे वाझ यांचे निधन झाले. जग त्यांना संत जोसेफ वाझ या नावाने ओळखते. परलोकाची आस धरणारा माणूस इहलोकाविषयी उदासीन होतो, असा एक समज आहे आणि आपल्याकडील वैराग्याच्या कल्पनांनी तो बराच पोसलेलाही आहे. वाझ यांचे आयुष्य मात्र या समजुतीत बसत नाही. स्वर्गावरील विश्वासानेच त्यांना रुग्णाची पथारी झाडायला आणि बेवारस प्रेते पुरायला लावले.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. वडील ख्रिस्तोव्हांव वाझ सांकवाळचे. घराणे मूळचे ब्राह्मण, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. सांकवाळला पोर्तुगीज, बाणावलीला लॅटिन आणि पुढे राजधानीत, म्हणजे आजच्या जुने गोवेत, तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. १६७६ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी पादत्राणे सोडली आणि गरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःला सायबिणीचा कायमचा गुलाम म्हणून वाहून घेणारा एक लेखी करारच केला. ज्या काळात गोव्यात माणसांची खरेदी-विक्री उघड चाले, त्या काळात एका सुशिक्षित, कुलीन तरुणाने हा शब्द स्वतःसाठी निवडावा, हे सहज घडलेले नसावे.

१६८१ ते १६८४ या काळात ते कानडा प्रांतात होते. मंगळूर, बसरूर, कुंदापूर या भागांत विखुरलेल्या ख्रिस्ती वस्त्या त्यांनी पुन्हा सावरल्या. पण मन ओढ घेत होते ते सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. ते प्रोटेस्टंट पंथाचे. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटावर बंदी केली आणि त्यांना आसरा देणाऱ्यांना कठोर शिक्षा ठेवली. सुमारे तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांना पाद्री असा दिसलाच नाही.

याचा अर्थ ख्रिस्तीतर वाचकाला एकदम उमगणार नाही. मरणासन्न माणसाने पापांची कबुली द्यावी, त्याला क्षमा मिळावी, प्रभूभोजनाचा प्रसाद आणि पवित्र तेलाचा संस्कार घडावा आणि मग त्याने निर्धास्तपणे डोळे मिटावेत, अशी कॅथलिक रीत आहे. धर्मगुरूवाचून मरणे म्हणजे त्या दारापाशी एकट्याने, सोबतीवाचून उभे राहणे. सिलोनमध्ये अशी एक अख्खी पिढी मरत होती. वाझ यांना सलत होते ते हे. जिवंतपणी त्या लोकांवर काय जुलूम होतो यापेक्षाही ते मरतात कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

जाण्याआधी एक काम उरले होते. युरोपीय संघ गोमंतकीय धर्मगुरूंना आपल्यात सामावून घेत नसत. जुने गोवेतील खुरीस मिलाग्र या इगर्जीत काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. वाझ १६८५ मध्ये त्यांना मिळाले आणि त्यांच्या पुढाकाराने सांत फिलिप नेरी यांच्या परंपरेतील ओरातोरियन संघ येथे रुजला. गोमंतकीयांनी गोमंतकीयांसाठी उभारलेला तो पहिला संघ. तथापि त्यात प्रवेश फक्त ब्राह्मण कुळातील धर्मगुरूंना असे. स्वर्गात जातपात नाही असे शिकवणाऱ्यांनी आपल्या दाराशी ती राखून ठेवावी, ही विसंगती संताच्या चरित्रातूनही पुसता येत नाही.

१६८६ मध्ये जुवांव नावाच्या सेवकाला सोबत घेऊन ते निघाले. पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेस, तिथून तुतिकोरीन आणि मग हमालाच्या वेषात गलबताने जाफना. तिथे पोहोचताच दोघांनाही हगवणीने गाठले. साथीच्या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर रानात नेऊन टाकले. कुणी एक बाई रोज पेज आणून देई, तिच्यामुळे दोघे जगले, असे चरित्रकार सांगतात. पुढे कँडीत वाझ यांनी जे केले, त्याचा पहिला धडा बहुधा या रानातच मिळाला.

बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. माळ पाहून ज्याचे डोळे चमकतील तो आपला, ही ओळख पटवण्याची युक्ती. सिल्लालै गावाने त्यांना लपवले. रात्री मिस्सा, पापनिवेदन, बाप्तिस्मा; दिवसा भिकारी. डचांचा पाठलाग वाढला तेव्हा ते पुत्तळमला आणि तिथून १६९२ मध्ये कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले. तिथे पोर्तुगीज हेर असल्याच्या आळावरून ते कैद झाले. कैदेतच सिंहली शिकले आणि अंगणात गवताने शाकारलेले छोटे प्रार्थनास्थळ उभारले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध. हळूहळू त्याचा विश्वास बसला आणि बंधने सैल झाली. ख्रिस्ती डचांपासून ख्रिस्ती पाद्र्याला संरक्षण मिळाले ते एका बौद्ध राजाच्या छत्राखाली!

१६९६ च्या अवर्षणात वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस पडल्याची कथा श्रीलंकेत आजही सांगितली जाते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती मानावी. पण त्यांच्या आयुष्याचा कस लागला तो पुढच्या वर्षी.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा व सरदार शहर सोडून गेले. घरच्यांनीच रुग्णांना जंगलात नेऊन सोडले. त्याच सुमारास गोव्याहून आलेले फादर जुझे कार्व्हाल्यो हे वाझ यांचे भाचे. मामा-भाच्यांनी रानात झोपड्या घातल्या आणि ओस घरांत रुग्ण आणून ठेवले. अन्न शिजवणे, भरवणे, फोड धुणे, घाण काढणे आणि अखेर खड्डा खणणे, ही सारी कामे ती दोघे करत. रुग्ण बौद्ध की ख्रिस्ती, याचा विचार न करता. मरणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी बाप्तिस्मा दिला, हेही खरे, आणि आजच्या वाचकाला त्यावर प्रश्न पडू शकतो. पण ज्याला बाप्तिस्मा नको होता त्याची पेज त्यासाठी थांबली नाही. मरण हा शेवट नव्हे अशी ज्याची खात्री असते, तो संसर्गाच्या भयाने पळत नाही. आणि समोरचा जीव अनंतकाळासाठी निर्माण झाला आहे असे जो मानतो, त्याला तो जीव रानात सडू देववत नाही. वाझ यांच्यात हे दोन्ही विचार एकत्र नांदत होते. साथ ओसरल्यावर राजाने त्यांना राज्यात मोकळेपणी फिरण्यास मुभा दिली.

त्यांना बिशपच्या तोलाचे पद देण्याचा विचार पुढे झाला, तो त्यांनी नाकारला. वस्त्या पायी पालथ्या घालणे, प्रार्थना व धर्मशिक्षणाची पुस्तके सिंहली-तमिळमध्ये उतरवणे, हेच चालू राहिले. १७०५ मध्ये दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस मदतीस आले. पुढे सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे ते आद्य लेखक ठरले. वाझ यांची प्रकृती तोवर खंगली होती. तरी बोलावणे आले की ते डोलीत बसून मरणाऱ्याकडे जात.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले. कँडीतील ज्या इगर्जीत त्यांचे दफन झाले होते, ती अठराव्या शतकातच नष्ट झाली. थडग्याची नेमकी जागा आज कुणालाही दाखवता येत नाही.