काळ्या हातांनी गार केलेला ट्रक

भर उन्हाळ्यात गोठवलेला वाटाणा शहरात येतो, मासळी बर्फाच्या पाण्यात न भिजता परगावी जाते, लसींची गाडी शेकडो मैल तापत्या डांबरावरून धावते आणि लस खराब होत नाही. यामागे एका कृष्णवर्णीय कामगाराचे डोके आहे, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? त्या माणसाचे नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी परिसरात १८९३ साली त्यांचा जन्म झाला. बाबासाहेबांपेक्षा ते दोन वर्षांनी लहान. वडील गोरे, आई काळी. आईचे छत्र लहानपणीच गेले. वडिलांनी मुलाला एका कॅथलिक धर्मगुरूच्या हवाली केले. अकराव्या वर्षी शाळा कायमची सुटली आणि हा पोर एका गॅरेजात झाडू मारू लागला. झाडता झाडता गाड्यांच्या पोटात काय चालते ते त्याने पाहून घेतले. मिसरूड फुटायच्या वयात तो त्याच गॅरेजचा फोरमन झाला! १९१२ साली ते मिनेसोटातील हॅलॉक या गावी शेतावरची यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामाला गेले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले. काळ्या सैनिकांची पलटण गोऱ्यांपासून वेगळी ठेवणाऱ्या त्या सैन्यात त्यांनी विजेचे काम आत्मसात केले आणि सार्जंट होऊन परतले. पुढे गावासाठी रेडिओ प्रक्षेपक बनवला, चित्रपटगृहासाठी आवाजाची यंत्रणा बनवली. ती पाहून मिनिआपोलिसचे व्यापारी जोसेफ न्यूमेरो यांनी त्यांना कामावर घेतले.

१९३८ साली न्यूमेरोंच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराचा कोंबड्यांचा माल उन्हात सडला, तेथून पुढची गोष्ट घडली असे सांगतात. तोवर ट्रकमधला माल बर्फ आणि मीठ घालून गार ठेवत. वाटेत ट्रक बिघडला की बर्फ वितळे आणि माल जाई. ट्रकवर थंडाईचे यंत्र बसवण्याचे प्रयत्न आधी झाले होते, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी ती यंत्रे खिळखिळी होत.

यंत्रातला खरा मुद्दा येथेच आहे. थंडाईच्या यंत्राचे हृदय म्हणजे कॉम्प्रेसर. आतल्या कॉइलमध्ये उष्णता शोषून आलेला गॅस तो ओढून घेतो आणि दाबतो. दाबलेला गॅस तापतो. बाहेरच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता हवेत सोडून तो द्रवरूप होतो. मग बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून सुटताच त्याचा दाब पडतो, तो गार होतो आणि पुन्हा आत उष्णता शोषायला जातो. म्हणजे थंडी कोणी आत भरत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकली जाते. घरातला फ्रिज एका जागी उभा असतो, ट्रक मात्र खड्ड्यांतून जातो. हादऱ्यांनी नळ्यांचे सांधे ढिले होतात, गॅस गळतो. गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीत तेही जाते. मग कॉम्प्रेसर कोरडा चालतो, घासतो आणि एक दिवस जाम होतो.

जोन्स यांनी हादरे सोसणारे, स्वतःचे पेट्रोल इंजिन असलेले, गरजेप्रमाणे आपोआप चालू-बंद होणारे यंत्र घडवले. आधी ते ट्रकखाली बसवले. तेथे चिखल-धूळ बसू लागली, म्हणून ते उचलून समोर, केबिनच्या वर नेले. १९३९ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९४२ साली ते मंजूर झाले. न्यूमेरो आणि जोन्स यांनी उभारलेली कंपनी पुढे थर्मो किंग या नावाने जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या यंत्रांनी आघाडीवर रक्त, औषधे आणि अन्न टिकवले.

भारतात नव्याने बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. त्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, तत्त्व मात्र तेच. आपले अनेक बांधव स्टेअरिंगवर आहेत, त्यांच्यासाठी सांगतो: हवा पूर्वीसारखी गार येईनाशी झाली, क्लच लागेना किंवा सारखा लागू-सुटू लागला, सांध्याभोवती तेलकट डाग पडला, खरखर ऐकू आली किंवा पट्टा किंचाळून जळका वास आला, तर ही कॉम्प्रेसरची हाक समजा. नुसता गॅस भरून पुढे जाऊ नका. आधी गळती शोधून घ्या. जाम झालेला कॉम्प्रेसर धातूचा कीस साऱ्या नळ्यांत पसरवतो आणि मग खर्च कितीतरी पटीने वाढतो. जोन्स यांच्यासारखा कान लावून ऐकणारा मेकॅनिक मिळाला तर अर्धे काम झाले.

पदवी नसलेल्या या माणसाच्या नावावर साठाहून अधिक पेटंटे नोंदली गेली. १९४४ साली अमेरिकेच्या रेफ्रिजरेशन अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेले ते पहिलेच कृष्णवर्णीय. म्हणजे तोपर्यंत त्या दारातून एकही काळा माणूस आत गेला नव्हता! २१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनिआपोलिसमध्ये त्यांचे निधन झाले. ट्रकांवर कंपनीचे नाव झळकत राहिले, त्यांचे नाव मात्र फारसे कोणी घेतले नाही. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना जाहीर झाले ते १९९१ साली, मृत्यूनंतर तीस वर्षांनी. ते पदक व्हाइट हाऊसच्या बागेत त्यांच्या पत्नीने स्वीकारले.