मिशेल मिरोव्स्की
मिशेल मिरोव्स्की (१४ ऑक्टोबर, १९२४:वॉर्सा, पोलंड - २६ मार्च, १९९०) हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू हृदयरोगतज्ज्ञ होते. शरीरात बसविता येणाऱ्या स्वयंचलित डिफिब्रिलेटरचे ते प्रमुख जनक मानले जातात.

१९३९मध्ये जर्मन आक्रमणानंतर त्यांनी वॉर्सा सोडले. पुढे फ्रान्समधील ल्यों येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते इस्रायलमध्ये काम करू लागले. तेथील त्यांचे वरिष्ठ हॅरी हेलर यांचा १९६६मध्ये हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला. अशा रुग्णास कायम रुग्णालयात ठेवणे अशक्य असल्याने विजेचा धक्का देणारे यंत्रच त्याच्या शरीरात बसवावे, असा विचार मिरोव्स्की यांनी मांडला.

१९६८मध्ये ते अमेरिकेतील बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात रुजू झाले. पुढील वर्षी मॉर्टन मोवर यांच्यासह त्यांनी यंत्राची निर्मिती सुरू केली. १९७२मध्ये नामवंत हृदयरोगतज्ज्ञांनी या कल्पनेवर कठोर टीका केली. तरीही स्टीफन हाइलमन यांच्या मेडरॅड या छोट्या कंपनीने साथ दिली. कुत्र्यांवरील प्रयोगांनंतर ४ फेब्रुवारी, १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हे यंत्र प्रथमच मानवी शरीरात बसविण्यात आले. १९८५मध्ये त्यास अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

पेसमेकर मुख्यतः मंदावलेले ठोके सावरतो, तर हे यंत्र हृदयाची प्राणघातक जलद लय ओळखून ती धक्क्याने पूर्ववत करते.